समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे देवमासे मरतात असं सांगणारा एक व्हिडिओ फिरतोय, ते खरं का? भारतात त्या आल्या तर पर्यावरणाचं काय होईल?

देवमाशांचा भाग आधी उरकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 2016 पासून हंपबॅक देवमासे नेहमीपेक्षा जास्त मरताहेत, हे खरं. पण ज्यांची तपासणी झाली त्यांच्यातल्या साधारण 40 टक्क्यांच्या अंगावर जहाजाच्या धडकेच्या किंवा जाळ्यात अडकल्याच्या खुणा होत्या. पवनचक्क्यांशी संबंध जोडणारा पुरावा तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांना सापडलेला नाही. तेव्हा तो व्हिडिओ पुढे पाठवणं थांबवा.

खरा त्रास चक्की फिरताना कमी आणि तिचा खांब ठोकताना जास्त होतो. हे ठामपणे सांगते, कारण माझं पोट त्याच्यावरच आहे. मी रत्नागिरीची, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली. आता उत्तर समुद्रात, इंग्लंडच्या बाजूला, खांब ठोकणाऱ्या जहाजांवर सागरी सस्तन प्राण्यांची निरीक्षक असते. दुर्बीण घेऊन ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीच्या, बाहेर उभं राहायचं आणि आसपास कोणी दिसलं तर ‘थांबा’ म्हणायचं.

तिथे मुख्य पाहुणी हार्बर पॉरपॉइज, डॉल्फिनची दीड-पावणेदोन मीटर लांबीची चुलत बहीण. लाजरी. उड्या मारत नाही, जहाजाजवळ येत नाही, काळी पाठ क्षणभर दिसते आणि संपलं. अंग लहान, पाणी थंड, त्यामुळे तिला रात्रंदिवस खात राहावं लागतं. तिला तिच्या चरण्याच्या जागेवरून दोन दिवस हाकललं तर ती गोष्ट किरकोळ नसते.

जूनमधली एक सकाळ. समुद्र इतका सपाट की आमच्या कामाला त्याहून चांगला दिवस मिळत नाही. आठ मीटर व्यासाची पोलादी नळी उभी करून झालेली, हॅमर वर चढवलेला. ब्रिटनचा नियम असा की ठोकण्याआधी किमान 30 मिनिटं 500 मीटरच्या आत पाहणी करायची. प्राणी दिसला तर तो बाहेर जाईपर्यंत आणि शेवटचा दिसल्यापासून 20 मिनिटं भरेपर्यंत सुरुवात करायची नाही. पाहणी संपत आली आणि पाठ दिसली. तिच्या मागे एक छोटी पाठ. पिल्लू होतं. पाण्याखालच्या मायक्रोफोनवर बसलेल्या सहकाऱ्यालाही त्यांचे क्लिक, म्हणजे टकटक आवाज, मिळत होते. घड्याळ पुन्हा शून्यावर. वीस मिनिटं भरत आली की मायलेकरं पुन्हा वर यायची. दुपारनंतर वारा वाढणार होता, आणि अशा जहाजाचं एका दिवसाचं भाडं ऐकलं तर तुम्हाला घेरी येईल. कंपनीचा माणूस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आधी गोड बोलला, मग म्हणाला, हळू ठोकायला लागलो की ती आपणच जातील, तू फक्त हो म्हण. मी म्हटलं, लॉगमध्ये वेळ लिहिलीय, ती मी बदलणार नाही. त्याने वर तक्रार केली. करू दे. ती दोघं गेली, 20 मिनिटं भरली, मगच मी परवानगी दिली.

मनाला लागलंय ते पुढचं. आधी 20 मिनिटं हळू ठोकतात, मग जोर वाढवतात. जोर पूर्ण झाल्यावर प्राणी आत आला तरी थांबण्याची सक्ती नाही. त्या दिवशी तसं झालं. एक पाठ दिसली, मी नोंद केली, हॅमर चालू राहिला.

ही हकिगत गणपतीला घरी आले तेव्हा मामाला सांगितली. मामाचा मिरकरवाड्यात ट्रॉलर आहे. तो हसला. ‘काय गो, तासभर थांबलात आणि मग ठोकलंतच ना? आणि आमच्या जाळ्याला नावं ठेवता.’ तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून गप्प बसले. आता बोलते.

मामा, खांब एकदाच ठोकतात. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह पवन प्रकल्पाला खांब ठोकताना पॉरपॉइज वीसेक किलोमीटरपर्यंत पांगल्या होत्या, पण दोन-तीन दिवसांत परत आल्या. ट्रॉलचं जाळं तळ खरवडतं ते वर्षानुवर्षं, पावसाळ्याचे दोन महिने सोडून. बेल्जियमच्या समुद्रात या खांबांच्या पायथ्याशी शिंपले चिकटलेत, खाणं आणि आसरा मिळतो म्हणून कॉड मासा जमतो, आणि तिथे मासेमारीला बंदीही आहे. डॉगर बँक या उत्तर समुद्रातल्या उथळ पट्ट्यात ब्रिटनने 2022 मध्ये तळ खरवडणारी जाळीच बंद केली. आपल्याकडे 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं, 54 जातींची किमान लांबी ठरवली, आणि तुझ्या जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, अजून केवढी आहे ते मी पाहिलंय. एलईडी लावून मासे गोळा करायला 2017 पासून बंदी आहे. रात्री समुद्राकडे बघ आणि मला सांग.

असो. पक्ष्यांचं मात्र खरं आहे. रेड-थ्रोटेड डायव्हर कित्येक किलोमीटर लांबूनच पवनचक्क्या टाळतो, म्हणजे त्याचं तेवढं पाणी गेलं. इंग्लंडच्या हॉर्नसी थ्री पवन प्रकल्पाला किटिवेक पक्ष्यांची भरपाई म्हणून सफोकच्या किनाऱ्यालगत पाण्यात घरट्यांचे मनोरे बांधावे लागले. नेदरलँड्सने मे 2023 मध्ये स्थलांतराच्या एका रात्री बोर्सेलेच्या चक्क्या चार तास जवळजवळ थांबवल्या. म्हणजे मनात असलं तर जमतं. आवाजाचंही तसंच. जर्मनीत 750 मीटरवर 160 डेसिबलची मर्यादा आहे, म्हणून तिथे खांबाभोवती तळाला भोकं पाडलेली नळी टाकून बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. पडदा असेल तर माझ्या दुर्बिणीवर एवढी भिस्त ठेवायला नको.

भारताचं: केंद्राने जून 2024 मध्ये 7,453 कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूत 500-500 मेगावॉट. महाराष्ट्र त्यात नाही, त्यामुळे मामाने तूर्त निश्चिंत असावं. माझं मत, याव्यात. पण उत्तर समुद्राचे निष्कर्ष उचलून खंबातच्या आखातात डकवू नका. तिथली भरती-ओहोटी आणि गढूळ पाणी वेगळंच प्रकरण आहे. तामिळनाडूकडच्या मन्नारच्या आखातात प्रवाळ आहे, ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय आहे. आपल्या किनाऱ्यावर बिनपंखी पॉरपॉइज आहे, जिला पाठीवर परच नाही. उत्तर समुद्रातली ती इवलीशी पाठ हुकते, तर ही दुर्बिणीतून कुणाला दिसणार? त्यामुळे पाण्याखालचे मायक्रोफोन लागतील, तेही काम सुरू होण्याच्या निदान दोन वर्षं आधीपासून.

आणि हो, माझा पगार शेवटी याच उद्योगातून येतो. तेवढं वजा करून वाचा. तुम्ही गुजरातचे असाल तर जनसुनावणीत एकच विचारा: हॅमर थांबवायचा अधिकार कोणाला आहे, आणि पूर्ण जोर आल्यावरही आहे का?