पंधराव्या शतकातल्या काही जर्मन ताम्रमुद्रणांत नुसतीच पानं-वेली का दिसतात?

ताम्रमुद्रण म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यावरून कागदावर छापलेलं चित्र. प्रश्न असा की देव नाही, माणूस नाही, मग नुसत्या पानांचं चित्र छापून विकत कोण घेई? थोडक्यात सांगायचं तर कारागीर. सोनार, लाकडावर कोरीवकाम करणारे, असे लोक हे कागद नमुना म्हणून समोर ठेवत.

मुळात तांब्याच्या पत्र्यावर ब्यूरिन या टोकदार हत्याराने रेषा कोरण्याची कला सोनारांच्याच दुकानातून आली. अशी चित्रं करणाऱ्यांपैकी कोलमार गावचा मार्टिन शोंगाउअर (मृत्यू १४९१) सोनाराचा मुलगा, तर बोखोल्ट गावचा इस्राएल फान मेकेनेम (मृत्यू १५०३) स्वतः सोनार होता.

शोंगाउअरची पानं बघा. कडा काटेरी, टोकं आत वळलेली, पान उलटून मागची बाजू दाखवणारं. बहुतेकदा ती कुठल्या झाडाची हे सांगता येत नाही, कारण त्याला वनस्पतिशास्त्र नको होतं, वळण हवं होतं. त्याचं मला सर्वांत आवडणारं चित्र म्हणजे पानांच्या गर्दीतलं घुबड, ज्याला दिवसाचे पक्षी छळतायत. (बिचारं घुबड! अपशकुनी ठरणं तिथेही चुकलं नाही.) एका चित्रात मात्र हॉप्सची (बिअरमध्ये घालतात ती) वेल ओळखू येते.

मेकेनेम धंद्यात पक्का. दुसऱ्यांची चित्रं बिनधास्त उतरवायचा, पण त्याच्या वेलींत प्रेमी युगुलंही गुंफलेली सापडतात.

असे कागद कमी उरलेत, हे ओघानंच आलं. कामाच्या जागी वापरून वापरून फाटले.