बेसबॉलमध्ये उत्तेजकासाठी (म्हणजे झोप-थकवा घालवणारं औषध, स्टेरॉइड नव्हे) २५ सामन्यांची बंदी आली की निम्मे चाहते 'चोर' म्हणतात आणि निम्मे 'साधी गोळी तर होती' म्हणतात. खरं कोणाचं?

दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरतात. २५ हा आकडा पहिल्या चुकीचा नाहीच.

अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये उत्तेजकांची शिक्षा अशी चढत जाते. पहिल्यांदा नमुना पॉझिटिव्ह आला तर बंदी नाही, नाव जाहीर होत नाही, फक्त त्या खेळाडूच्या जादा चाचण्या सुरू होतात. दुसऱ्यांदा सापडला तर २५ सामने, तिसऱ्यांदा ८०, आणि चौथ्यांदा कायमची बंदीसुद्धा येऊ शकते. म्हणजे बातमीत २५ दिसलं की समजायचं, हा माणूस आधी एकदा सापडलाय, त्याला ते कळवलंय, त्यानंतर त्याच्या जास्त चाचण्या होणार हेही त्याला ठाऊक होतं. 'बिचाऱ्याला माहीतच नव्हतं' हा बचाव इथेच लंगडा पडतो.

आता 'चोर' म्हणणाऱ्यांकडे येऊ. स्टेरॉइड आणि तत्सम द्रव्यांची यादी वेगळी आहे आणि तिची शिक्षाही वेगळी: २०१४ पासून पहिल्याच वेळी ८० सामने, दुसऱ्या वेळी १६२ म्हणजे अख्खा मोसम, तिसऱ्या वेळी आजीवन. शिवाय स्टेरॉइडवाल्याला त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये खेळता येत नाही, मग त्याची बंदी आधी संपलेली असली तरी. उत्तेजकांना हा नियम लागू नाही. उलट प्लेऑफचे सामने त्या २५ मध्ये धरले जातात.

हा हिशेब कसा चालतो ते ख्रिस डेव्हिसच्या प्रकरणात नीट दिसतं. बाल्टिमोर ओरिओल्सचा हा फलंदाज. २०१३ मध्ये त्याने ५३ होमरन मारले होते. १२ सप्टेंबर २०१४ ला त्याच्यावर २५ सामन्यांची बंदी जाहीर झाली, कारण अॅडरॉल, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइनची गोळी. तेव्हा साखळीतले १७ सामने उरले होते. ओरिओल्सनी पुढे प्लेऑफच्या मालिकांमध्ये डेट्रॉइटला ३-० हरवलं आणि कॅन्सस सिटीकडून ०-४ हरले. १७ आणि ७ मिळून २४. उरलेला एक सामना त्याने २०१५ च्या सलामीला बाहेर बसून भरला.

बाल्टिमोरच्या चाहत्यांचा संताप फसवणुकीपेक्षा बेफिकिरीवर जास्त होता, आणि तो मला रास्त वाटतो. संघ आपल्या विभागात १० सामन्यांनी पुढे होता, १९९७ नंतर पहिल्यांदा विभाग जिंकायला निघाला होता, मचाडो आणि वीटर्स हे संघातले मोठे खेळाडू दुखापतीने आधीच बाहेर गेलेले. डेव्हिसने जाहीरपणे माफी मागितली आणि सांगितलं की पूर्वी आपल्याला या औषधाची परवानगी होती, त्या वर्षी नव्हती. म्हणजे ज्या गोळीला आधी रीतसर मुभा होती, त्याच गोळीने तो प्लेऑफला मुकला.

ही परवानगी काय असते, तेही पाहू. एखाद्याला लक्ष एकाग्र न होण्याचा विकार, म्हणजे एडीएचडी, असेल तर तो अर्ज करतो. निदानाची कागदपत्रं जोडावी लागतात, आणि निर्णय क्लब किंवा क्लबचा डॉक्टर घेत नाही. तो लीगच्या औषधचाचणी कार्यक्रमाचा स्वतंत्र प्रशासक तज्ज्ञांच्या सल्ल्याने घेतो. परवानगी मुदतीची असते. चुका इथे होतात: मागच्या वर्षीचा कागद यंदाही चालेल असं गृहीत धरणं, अर्ज मंजूर व्हायच्या आधीच गोळी सुरू करणं, किंवा घरच्या डॉक्टरची चिठ्ठी पुरेशी आहे असं समजणं. चिठ्ठी खरी असली तरी नमुना पॉझिटिव्हच धरला जातो. २०१० च्या दशकात साधारण दहातल्या एका खेळाडूकडे अशी परवानगी असल्याचं आकडे सांगत होते, आणि सामान्य प्रौढांच्या मानाने हे प्रमाण बरंच जास्त होतं. त्यामुळे चाहत्यांनी भुवया उंचावल्या तर नवल नाही.

गोळीने होतं काय? स्नायू वाढत नाहीत. अ‍ॅम्फेटामाइनमुळे मेंदूत डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढतं, झोप उडते, लक्ष टिकतं, थकवा जाणवत नाही. साधारण सहा महिन्यांत १६२ सामने, रात्री उशिरा एक संपवून दुसऱ्या दिवशी दुपारी पुढचा, मधे विमान आणि बदललेली वेळ, अशा खेळात याचा मोह का होतो हे सांगायला नको. २००६ च्या मोसमाआधी यावर चाचणीच नव्हती, आणि हिरव्या गोळ्यांवरून 'ग्रीनीज' हे टोपणनाव ड्रेसिंग रूममध्ये कित्येक दशकं रुळलेलं होतं. म्हणून 'पूर्वीचे लोक स्वच्छ होते' हे म्हणणं तरी चाहत्यांनी सोडून द्यावं.

एका गोळीने अमुक इतके होमरन वाढले, असा हिशेब मात्र कोणी मांडू नये. फिलाडेल्फिया फिलीजचा झेलकर (कॅचर) कार्लोस रुइझ याने २०१२ मध्ये वयाच्या तेहतिशीत .३२५ ची सरासरी आणि १६ होमरन अशी कारकिर्दीतली सर्वोत्तम कामगिरी केली. नोव्हेंबरमध्ये अॅडरॉलसाठी २५ सामन्यांची बंदी आली. २०१३ मध्ये .२६८ आणि फक्त ५ होमरन. 'बघा, सिद्ध झालं' म्हणायचा मोह होतो. पण तेहतीस-चौतीस वर्षांचा झेलकर तसाही उतरणीला लागतो, आणि एका फुगलेल्या वर्षानंतर आकडे खाली येणं हा खेळाचा नेहमीचा स्वभाव. संशय घ्यायला जागा आहे, पण तो पुरावा होत नाही.

तिसरा बचाव पूरक आहाराचा. मेजर लीगचा खेळाडू माइक कॅमेरॉनवर ऑक्टोबर २००७ मध्ये २५ सामन्यांची बंदी आली तेव्हा त्याने भेसळ असलेल्या पूरक पावडरीला दोष दिला. हे अशक्य नाही. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींमध्ये 'खास मिश्रण' एवढंच छापून आतली मात्रा लपवलेली असते, आणि डीएमएए हे उत्तेजक जिरॅनियमचा अर्क अशा निरागस नावाने डब्यावर यायचं. म्हणूनच खेळाडूंना 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' ही खूण असलेलीच उत्पादनं घ्यायला सांगतात. एकदा सापडल्यावरही खूण नसलेला डबा उघडला असेल, तर दोष फक्त डब्याचा कसा?

आणि 'यात काय मोठंसं' म्हणणाऱ्यांसाठी: फेब्रुवारी २००३ मध्ये फ्लोरिडातल्या सराव शिबिरात ओरिओल्सचा २३ वर्षांचा गोलंदाज स्टीव्ह बेकलर उष्माघाताने गेला. त्याच्या शरीरात एफेड्रा हे तेव्हा दुकानात उघड मिळणारं उत्तेजक सापडलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी आली. उत्तेजक थकव्याची सूचना दाबतं आणि शरीराचं तापमान वाढवतं, उन्हातल्या सरावात नेमकं हेच जीवघेणं.

आपल्याकडची जवळची आठवण पृथ्वी शॉची. जुलै २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी जाहीर झाली, द्रव्य टर्ब्युटॅलिन, खोकल्याच्या औषधातलं. ते अ‍ॅम्फेटामाइनसारखं उत्तेजक नाही, पण मुंबईतल्या चाहत्यांची विभागणी अगदी अशीच झाली. फरक एवढाच की तिथे पहिल्याच वेळी बंदी बसली, आणि ती मार्चपासून मागे नेऊन मोजली, म्हणजे त्यातला काही काळ तो आयपीएल खेळतच होता.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की आधी सामन्यांची संख्या बघा, मग द्रव्याचं नाव, मग बंदी कधी सुरू होते ते. कॅमेरॉन २५ सामने बाहेर बसून परतला आणि २००८ मध्ये त्याने २५ होमरन मारले. डेट्रॉइटच्या नेइफी पेरेझला जुलै २००७ मध्ये २५ ची शिक्षा झाली, महिना भरायच्या आत ऑगस्टमध्ये ८० ची. तो मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही.