ट्रकसाठी साधे डिझेल घ्यावे की प्रीमियम?

जालन्याहून सळई भरून नांदेडकडे जाणाऱ्या आपल्या बीएस-६ (भारत स्टेज-६ या प्रदूषण मानकाच्या) ट्रकसाठी साधे डिझेल पुरेसे आहे का, आणि रस्त्यालगत स्वस्तात मिळणारे ‘बायोडिझेल’ चालेल का, असे आपण विचारले आहे. साधे डिझेल पुरेसे आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ दर्जाचेच इंधन विकले जाते. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग, तर सीटेन क्रमांक, म्हणजे डिझेल किती सहज पेट घेते याचे माप, किमान ५१ असतो. प्रीमियम डिझेलमध्ये इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात, परंतु मालवाहतुकीच्या भाड्यात तो जादा खर्च सहसा भरून निघत नाही, असे माझे मत आहे. लडाखसाठीचे, कडाक्याच्या थंडीत न गोठणारे हिवाळी डिझेल तर मराठवाड्यात निरर्थकच.

खरा धोका त्या स्वस्त ‘बायोडिझेल’चा आहे, कारण त्या नावाखाली अनेकदा औद्योगिक तेल विकले जाते आणि त्याने इंजेक्टर व धूर गाळणारी यंत्रणा निकामी झाल्यास लाखाच्या घरात खर्च येतो. पंपावर शंका आल्यास घनता मोजून मागावी. १५ अंश सेल्सिअसला रूपांतरित केलेला आकडा फलकावरील नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून अधिक वेगळा असल्यास तेथे डिझेल भरू नये. पावसाळ्यात फिल्टरखालचा नळ सैल करून वाटीभर डिझेल काढावे. तळाशी पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. धुरातील प्रदूषण कमी करणारे युरियाचे द्रावण मात्र त्याच्या स्वतंत्र टाकीतच भरावे, घाईत क्लीनर हमखास चुकतो.