अंतर तेवढंच, मग परतीला दोन तास जास्त का?

प्रश्न : टोकियोहून लॉस एंजेलिसला जाताना साधारण 10 तास लागले आणि परत येताना जवळजवळ 12. अंतर तर तेवढंच आहे! शिवाय समोरच्या पडद्यावर विमान सरळ न जाता उत्तरेकडे वळसा घेताना दिसत होतं. असं का?

उत्तर : वळशाचं आधी सांगतो, कारण तो वळसा नाहीच. पृथ्वीचा गोल घ्या आणि या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोन्ही शहरं 34 ते 36 अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत, तरी दोरा पॅसिफिकच्या मध्यावर 48 अंशांच्या जवळ वर सरकतो. हा मार्ग सुमारे 8,800 किलोमीटरचा. सपाट नकाशावर सरळ दिसणाऱ्या रेषेने, अक्षांश धरून गेलात, तर आणखी 500 किलोमीटर उडावं लागेल.

आता वेळ. निवृत्त होईपर्यंत मी उड्डाणांचे मार्ग आखत होतो. त्या टेबलावरचा माणूस किलोमीटर मागाहून बघतो, आधी वाऱ्याचा नकाशा उघडतो. विमानाचा ताशी 900 किलोमीटर वेग हा भोवतालच्या हवेतला वेग असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद झोत, वाहतो. हिवाळ्यात जपानवर तो ताशी 300 किलोमीटरच्याही पुढे जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने 1920च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. अहवाल त्याने एस्परांतोत, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला, जगाने वाचावा म्हणून; पण जगाचं तिकडे लक्षच गेलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

हिशेब करून पाहा. सगळ्या वाटेवर सरासरी 100 किलोमीटरचा वारा धरू. पूर्वेला जाताना जमिनीच्या तुलनेत वेग 1,000 होतो, म्हणजे 9 तासांच्या आत. परतीला तो 800 वर येतो, म्हणजे 11 तास. धावपट्टीपर्यंतचं सरकणं, चढणं, उतरणं धरलं की तुमचे आकडे येतात. म्हणून जाताना आम्ही दोऱ्याची रेषा सोडून झोत असेल तिकडे विमान न्यायचो, चार किलोमीटर जास्त पडले तरी. परतीला झोत टाळून उत्तरेला, अलास्कालगतच्या अ‍ॅल्युशियन बेटांकडे. उन्हाळ्यात झोत मंदावतो आणि हा फरक बराच कमी होतो.

तिकिटावरच्या वेळा थेट वजा करू नका. हिवाळ्यात टोकियोहून संध्याकाळी 5 ला निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी 10 च्या सुमारास लॉस एंजेलिसला उतरतं. दोन्हीकडच्या घड्याळांत 17 तासांचं अंतर आहे. आणि टोकियोला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मध्ये दोन-तीन तास तरी मोकळे ठेवाच.