मराठी शाळेत शिकलेल्याला इंग्रजी क्रिप्टिक क्रॉसवर्ड जमेल का? किती वेळ लागेल? आणि क्लूच चुकीचा आहे हे कसं ओळखायचं?

जमेल. क्रिप्टिक म्हणजे असं शब्दकोडं, ज्यातला क्लू, म्हणजे सूचक वाक्य, वरवर एक सांगतो आणि त्यात दडलेलं असतं दुसरंच. एरवी मी अशा प्रश्नांना उत्तरं देत नाही, पण 'मराठी माध्यमामुळे माझी सुरुवातच मागून आहे' हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राची गाज ओट्यावर ऐकू येते इतक्या जवळ. मुंबईचे काका दर मे महिन्यात यायचे ते इंग्रजी पेपरातून कापून ठेवलेल्या क्रॉसवर्डचा गठ्ठा घेऊन. दुपारची जेवणं झाली की झोपाळ्यावर बसून फाउंटन पेनाने सोडवायचे. आम्हा मुलांना शेजारी बसायची मुभा होती, बोलायची नव्हती.

मी आठवीची परीक्षा दिली होती त्या वर्षी एक क्लू आला: 'इंडियन फ्लावर', सहा अक्षरं. काकांनी अंगणातल्या चाफ्याकडे पाहिलं आणि 'चंपा' लिहून टाकलं. सी-एच-ए-एम-पी-ए, बरोबर सहा. पण त्याच्या शेवटच्या घरातून खाली उतरणारा शब्द मिठाचा होता, 'सॉल्ट', आणि तो मी मनातल्या मनात सोडवून बसलो होतो. म्हणजे शेवटी 'ए' नाही, 'एस' हवा. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. फ्लावर म्हणजे फूल हे शिकवलेलं, तसंच 'फ्लो' म्हणजे वाहणं हेही, आणि क्रियापदाला 'ई-आर' लावला की ते करणारा होतो हेही. सिंग, सिंगर. टीच, टीचर. मग फ्लोला ई-आर लावला तर? स्पेलिंग तेच. वाहणारी. मी म्हणालो, "काका, गँजेस."

काका म्हणाले, "फ्लावर म्हणजे नदी हे कुठल्या डिक्शनरीत लिहिलंय? मराठी शाळेतल्या पोराने मला इंग्रजी शिकवायचं कारण नाही."

अण्णा समोर फणस फोडत होते. हाताला खोबरेल लावलेलं, चीक कोपरापर्यंत. विळी थांबली, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा गरे काढायला लागले. उत्तराचं कात्रण मागे टाचलेलं होतं. काकांनी ते उघडलं नाही. रात्री कंदिलाजवळ नेऊन मी उघडलं. गँजेस.

तेव्हापासून आजतागायत मी क्रिप्टिक सोडवतोय, आता फोनवर. म्हणून ठामपणे सांगतो: याला साहेबाचं इंग्रजी लागत नाही. समोरचं वाक्य जे सांगतंय त्यावर विश्वास न ठेवता शब्द कुठे तुटतो हे बघायची सवय लागते, आणि ती आपल्याकडे जुनीच आहे. आमची आजी दिवेलागणीला कूटश्लोक म्हणायची. 'केशवं पतितं दृष्ट्वा द्रोणो हर्षमुपागतः, रुदन्ति कौरवाः सर्वे हा हा केशव केशव.' कृष्ण पडला, द्रोणाला आनंद झाला आणि कौरव रडले? उलटंच झालं की! मग आजी 'केशव' मधोमध तोडायची. 'के' म्हणजे पाण्यात, 'शव' म्हणजे प्रेत. द्रोण म्हणजे डोमकावळा, कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात पडलेलं, म्हणून कावळा खूश आणि कोल्हे रडतायत. लंडनच्या 'टाइम्स'ने पहिलं क्रॉसवर्ड छापलं 1930 साली. हा श्लोक त्याच्या किती आधीचा!

शिकायचं म्हणाल तर एकच गोष्ट आधी पक्की करा. बहुतेक क्लूंमध्ये सरळ अर्थ असतो तो सुरुवातीला किंवा शेवटी, मधे जवळपास कधीच नाही. उरलेल्या शब्दांत त्याच उत्तराची अक्षरांची खेळी असते. दोन्ही वाटा एकाच उत्तराला पोचल्या तरच ते लिहायचं.

क्लू चुकीचा केव्हा, याला माप आहे. 'झिमेनीझ' या नावाने 'ऑब्झर्व्हर' या ब्रिटिश वृत्तपत्रात कोडी रचणारे मॅकनट ग्रीक-लॅटिनचे शिक्षक होते. 1966 च्या पुस्तकात त्यांनी ते सांगितलं. त्याचं सार असं: नेमकी व्याख्या, प्रामाणिक खेळी, आणि तिसरं काही नाही. नुसतं वाक्य छान दिसावं म्हणून घुसडलेला शब्द असेल तर क्लू नापास. आणि ॲनाग्राम, म्हणजे अक्षरं उलटसुलट करून नवा शब्द, असेल तर ती अक्षरं डोळ्यांसमोर हवीत. आधी समानार्थी शब्द ओळखा, मग तो ढवळा, असं सांगणाऱ्या क्लूवर मी सरळ फुली मारतो. उत्तर जुळलं म्हणजे क्लू बरोबर ठरत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर वाचून 'अरे हो, हे दिसायला हवं होतं' असं वाटलं तर चूक तुमची. 'हे कोणाला सुचणार?' असं वाटलं तर बहुतेक रचणाऱ्याची.

मराठीत हा प्रकार होतच नाही, असंही काका म्हणायचे. का नाही? मराठी कोड्याच्या एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे ॲनाग्राम अवघड जातो हे खरं. पण उलटवणं आणि पोटात घालणं झकास जमतं. 'वारा फिरला, पोपट आला' (2 अक्षरं): रावा. 'सुरीच्या पोटात अर्धा पाव, श्रीवर्धनचं उत्पन्न' (3): सुपारी. सध्याची बहुतेक मराठी शब्दकोडी नुसते प्रतिशब्द विचारतात, त्यात डोकं चालत नाही, पाठांतर चालतं.

किती वेळ लागेल ते माणसागणिक वेगळं. मला पहिलं कोडं पूर्ण सुटायला दोन वर्षं लागली, पण तेव्हा कोडी वर्षातून एकदाच हाती यायची. तुम्ही रोजचं रोज करा, आणि पेन्सिलने.

एक सांगायचं राहिलं. 'इंडियन फ्लावर' हा क्लू आज माझ्यासमोर आला तर मी त्याला पूर्ण गुण देणार नाही. त्यात खेळी नाही, फक्त श्लेष आहे, आणि अशा ठिकाणी बरेच रचणारे शेवटी प्रश्नचिन्ह टाकून सावध करतात. त्या कात्रणात ते नव्हतं, मला पक्कं आठवतंय. तेव्हा काका चिडले यात थोडं तथ्य होतं. शाळेवरून बोलले त्यात नव्हतं.