बेसबॉलमध्ये पिचिंग कोच (म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पिचरचा प्रशिक्षक) नेमताना संघ काय बघतात? तो स्वतः मोठा पिचर असावा लागतो का?

अजिबात नाही. मिनेसोटा ट्विन्सनी 2018 च्या अखेरीस वेस जॉन्सनला थेट आर्कान्सा विद्यापीठातून उचललं, 2019 च्या अखेरीस न्यूयॉर्क यँकीजनी मॅट ब्लेकला आणलं. दोघेही व्यावसायिक बेसबॉल खेळलेले नाहीत.

बघतात ते हे, की चेंडूचे फेरे वगैरे मोजणाऱ्या कॅमेऱ्याचे आकडे पिचरच्या बोटांपर्यंत पोचवता येतात का. समजा फास्टबॉल (वेगात टाकलेला सरळ चेंडू) मिनिटाला 2300 फेरे घेतोय (म्हणजे सरासरीच) आणि मार पडतोय. फेरे वाढवायच्या मागे लागणं फुकट, ते सहजासहजी वाढत नाहीत. त्यापेक्षा दोन बोटं शिवणीला आडवी न ठेवता, शिवणी जिथे जवळ येतात तिथे त्यांच्यावर उभी ठेवून ‘सिंकर’ नावाचा चेंडू टाकून बघायचा. चेंडू खाली बसतो, फटका जमिनीवरून जातो.

फसतं कुठे? सगळ्यांना एकच साचा लावला की.

सामन्यात शिकवायला वाव नसतोच. 2024 पासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये) नऊ डावांत एका संघाला माउंडवर, म्हणजे पिचर उभा असतो त्या उंचवट्यावर, चारच भेटी. त्यात एकाच डावात त्याच पिचरकडे कोच दुसऱ्यांदा गेला तर त्या पिचरला काढावंच लागतं. खरी शिकवणी दोन सामन्यांच्या मधे, बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत).