संत्र्याचा नितळ रस, मोहाचं सरबत आणि फोर्टातला बार

गेल्या अंकात मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींमध्ये चालणाऱ्या प्रयोगशील कॉकटेल बारवर लेख होता. त्यात दूध घालूनही पाण्यासारखं नितळ दिसणारं पेय, काचेसारखा बर्फ आणि मोहाच्या फुलांचा पाक यांचा उल्लेख होता. त्यावर विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

मुलगा मुंबईत नोकरीला आहे. दिवाळीनंतर तो आम्हा दोघांना फोर्टातल्या अशा एका बारमध्ये नेणार म्हणतो. हे कधीमधी थोडी घेतात, मी घेत नाही आणि पूर्ण शाकाहारी आहे. तिथे जाऊन काय मागायचं, काय सांभाळायचं? — एक वाचक, आर्वी

काकू, जरूर जा, आणि उजेड असतानाच पोहोचा. तुमची गाडी सीएसएमटीला लागते. त्या स्थानकापासून फोर्ट पायी अंतरावर आहे, आणि ते स्थानकही २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या अंगाला आर्ट डेको अशा इमारतींचा जो समूह उभा आहे, तो २०१८ मध्ये त्या यादीत आला. बारमध्ये शिरल्यावर अंधारच असतो, तेव्हा इमारत बाहेरूनच डोळे भरून पाहून घ्या. मुलाला आधी फोन करून एक गोष्ट विचारायला सांगा: लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींचे लाकडी जिने उभे असतात, गुडघ्यांना त्रास होतो.

अशा ठिकाणी पेयाच्या नावावरून काही कळत नाही. खाली घटक लिहिलेले असतात, तेवढे वाचा. वाढणाऱ्याला तीन गोष्टी सांगितल्या की पुरे: आंबट आवडतं की गोड, कडवट चालतं का, आणि दारू हवी की नको. बिनदारूची पेयं आता बहुतेक ठिकाणी तेवढ्याच मेहनतीने करतात. ती मागायला संकोच करू नका.

शाकाहाराबद्दल मात्र स्पष्ट विचारा, कारण कार्डावर सगळं छापलेलं नसतं. आंबट पेयावरचा पांढरा फेस बहुतेक वेळा अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो. 'अंड्याऐवजी छोल्याच्या पाण्याचा फेस करता का?' असं विचारा. छोले शिजवलेलं दाट पाणी एका पेल्याला साधारण ३० मिली घेऊन जोरात हलवलं की तसाच फेस धरतो. रस नितळ करायला काही ठिकाणी जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं.  

काकांसाठी: भारतात रम, व्हिस्की, जिन यांची तीव्रता साधारणतः ४२.८ टक्के असते. एका कॉकटेलमध्ये ४५ ते ६० मिली दारू, म्हणजे दीड ते दोन छोटे पेग जातात. ६० मिलीत जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं, आणि ते पचवायला शरीराला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. नितळ, गार, फळाच्या चवीचं पेय हलकं वाटतं म्हणून लोक फसतात. जळजळ कमी झालेली असते, अल्कोहोल तेवढंच असतं. एक पेय, सोबत खाणं आणि तेवढंच पाणी, हे प्रमाण धरा. पेल्यातून पांढरा धूर निघत असेल तर तो पूर्ण थांबेपर्यंत ओठाला लावू नका. हा धूर ज्यातून निघतो तो कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंशांचा आणि द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. त्यातलं काही पोटात गेलं तर जठर फाटण्यापर्यंत वेळ येते.

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना बारमध्येच मिळतो. बियर-वाइनला वय २१ पूर्ण हवं, बाकी मद्याला २५. बिलात जेवणावर जीएसटी आणि मद्यावर राज्याचा व्हॅट असे दोन वेगळे कर दिसतील. सेवाशुल्क सक्तीचं नाही, नको असेल तर काढायला सांगता येतं. आणि आठवण म्हणून बाटली विकत घेऊन परतीच्या गाडीत ठेवू नका. तुमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. बाटली सीलबंद असली तरी ती जिल्ह्यात आणणं गुन्हाच ठरतो.

काटोल रस्त्यावर आमची संत्र्याची बाग आणि छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. दारू ठेवत नाही, ठेवणारही नाही. लेखातल्यासारखं नितळ संत्र्याचं पेय करून पाहिलं, पण रस तासाभरात कडू झाला आणि चव पाणचट लागली. काय चुकतं? — संत्रा बागायतदार

भाऊ, तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत.

आधी कडूपणा. नागपुरी संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या सालीत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण फळ चिरडून तो आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि लिमोनिन अतिशय कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तासाभराने तोंड वाकडं होतं. उष्णतेने हे आणखी लवकर घडतं. तेव्हा फोडी मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया आणि पांढरे धागे काढून हलक्या हाताने रस काढा, लगेच गाळा, आणि रस कधीही उकळू नका.

आता पाणचटपणा. लिंबाच्या रसात साधारण ६ टक्के आम्ल असतं, संत्र्यात एक टक्क्याच्याही आत. बर्फ आणि सोडा पडला की एवढंसं आम्ल विरून जातं आणि नुसता गोडवा उरतो. साखर वाढवून हे सुटत नाही, उलट बिघडतं. बारवाले संत्र्याचा रस आम्लाने लिंबाच्या पातळीवर आणतात: १०० मिली रसाला ३.२ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्व, आणि २ ग्रॅम मॅलिक ॲसिड, जे सफरचंदात असतं. दोन्ही खाण्याच्या दर्जाचीच घ्या. चमच्याने मोजू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी दात आंबतात. हे प्रमाण आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या तोंडी येणाऱ्या) फळावरून ठरवलंत तर मृग बहाराला (हिवाळा सरताना येतो तो) पुन्हा चाखून बघा, ते फळ गोड असतं.

नितळ करण्यासाठी चायना ग्रासची पूड वापरा, ती समुद्री शेवाळाची, शाकाहारी असते. २५० मिली पाण्यात २.५ ग्रॅम पूड घालून ढवळत दोन-तीन मिनिटं उकळा. पूड पूर्ण विरघळली पाहिजे. १ लिटर गाळलेला रस सुमारे ३५ अंशांवर, बोटाला जेमतेम कोमट लागेल असा ठेवा, आणि ढवळत ढवळत गरम पाण्यात बारीक धारेने ओता. इथेच बहुतेकांचं चुकतं. फ्रिजमधला गार रस ओतला की चायना ग्रास तिथल्या तिथे गुठळ्या धरतं आणि रस गढूळच राहतो. मिश्रण बर्फाच्या परातीत ठेवा, हलवू नका. पातळ दह्यासारखं लागलं की रवीने नव्हे, चमच्याने हलकेच मोडा आणि मलमलच्या दुहेरी कापडात टांगा. पिळू नका. पिळलं की गाळ उतरतो. चक्क्याला लागते तेवढीच सबुरी इथे लागते. आम्ल गाळून झाल्यावर घाला, आधी नाही, नाहीतर जेल नीट धरत नाही.

एका पेल्याला असा आम्ल घातलेला रस ३० मिली, साखरेचा पाक २५ मिली (साखर आणि पाणी वजनाने सारखे), गार सोडा १०० ते १२० मिली, आणि मिठाच्या पाण्याचे दोन थेंब (८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम मीठ). मीठ लागता कामा नये, फक्त संत्र्याची चव पुढे आली पाहिजे. साली फेकू नका. फक्त नारिंगी भाग सोलून तेवढ्याच वजनाच्या साखरेत चुरगाळून रात्रभर झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते आणि सकाळी भांड्यात सुवासिक पाक साचतो. तोच पाकाच्या जागी वापरा. वासाचा खरा साठा सालीतच असतो.

दुधाने नितळ करायची रीत याहून जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७६३ साली मित्राला तिची कृती पत्रातून कळवली होती. ती बिनदारूची करायची तर ३०० मिली गार कोरा चहा, ६० मिली लिंबाचा रस आणि ६० ग्रॅम साखर एकत्र करून ते १०० मिली दुधात ओता. दूध त्यात ओतायचं नाही. उलट केलं तर दूध एकदम फाटतं, चोथा बारीक होतो आणि कापडातून निसटतो. पहिला उतारा गढूळ येईल, तो त्याच चोथ्यावरून पुन्हा गाळा. दुधातलं प्रथिन चहाचा तुरटपणा धरून ठेवतं, म्हणून पेय इतकं मऊ लागतं. फलकावर 'दूध आहे' असं लिहाच, नितळ पेयात ते दिसत नाही आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांना त्रास होतो.

पाणी दोनदा उकळून, आरओचं घेऊन पाहिलं, तरी बर्फ पांढराच होतो. — वणी

उकळण्याचा उपयोग फार थोडा. चारही बाजूंनी गोठताना पाण्यातली हवा आणि क्षार मध्ये कोंडतात, तोच पांढरा गाभा. थंडी एकाच बाजूने लागू द्या. झाकण काढलेला, जाड भिंतींचा छोटा आइसबॉक्स (थंडी आत-बाहेर जाऊ न देणारा डबा) पाण्याने भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. वरून खाली गोठत जाईल. १८ ते २४ तासांनी, तळाचं पाणी गोठण्याआधी काढा आणि खालचं पाणी ओतून द्या. मध्ये वीज गेली तर थर पडतात, तेव्हा भारनियमनाची वेळ टाळा. काढल्या काढल्या सुरी मारू नका, तडा जातो. पृष्ठभाग चकचकीत ओला होईपर्यंत थांबा आणि मग करवती सुरीने कापा. मे महिन्यात पाच मिनिटंही पुरतात.

मोहाच्या फुलांचा पाक घरी करता येईल का? आमच्याकडे फुलं भरपूर. — कुरखेडा, गडचिरोली

येतो, ताई. सुकवलेल्या फुलांतले केसर झटकून काढा, नाहीतर घशाला खाजरं लागतं. फुलं दोनदा धुवा. १०० ग्रॅम फुलांवर ४०० मिली गरम पाणी, उकळी मोडल्यावर, ओतून अर्धा तास झाका आणि गाळा. थोडं लिंबू पिळा. फुलांत मुळात साखर भरपूर असते, म्हणून वरून साखर घालण्याआधी चाखा. फ्रिजमध्ये तीन दिवसांत संपवा. गरम हवेत तो एका दिवसात आंबायला लागतो, आणि बुडबुडे दिसले की टाकून द्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. फुलं भिजवून दिवसेंदिवस ठेवली तर तो मोहसडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेलं मिश्रण) धरला जातो आणि गुन्हा दाखल होतो. तेव्हा भिजत घालून विसरू नका.

आमचा अचलपुरातला वाडा शंभर वर्षांच्या वरचा हाय. तिथं असंच बिनदारूचं शरबताचं दुकान टाकाव म्हन्तो. भिताडाले ओल येते, सिमेंट मारू काय? — अचलपूर

दादा, सिमेंट अजिबात नको. माती-चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. सिमेंटने तिचा श्वास कोंडतो. ओल आतून आणखी वर चढते, क्षार गिलाव्यामागे साचून फुगतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंट विटांचे पापुद्रे घेऊन खाली येतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. बहुतेकदा पन्हाळ फुटलेली असते, किंवा रस्ता उंच होत होत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलेली असते. ते दुरुस्त करून भिंत एक उन्हाळा सुकू द्या. मग मुरवलेला चुना एक भाग, धुतलेली वाळू अडीच ते तीन भाग, असे ८ ते १० मिलीमीटरचे थर द्या. काम हिवाळ्यात काढा. मे महिन्यात गिलावा सुकून तडकतो. आठवडाभर ओलं पोतं लावून ठेवा, चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो. वरून प्लॅस्टिक पेंट नको, चुन्याची सफेदीच द्या.

आत काउंटर भिंतीला न ठोकता सुटा ठेवा. फ्रीजरला मीटरपासून स्वतंत्र तार, एमसीबी आणि अर्थिंग घ्या. सागाच्या तुळईवरून गेलेली जुनी कापडी वेष्टणाची तार तो भार सोसत नाही. शहाबादी फरशीचा ओटा करू नका. तो चुनखडीचा दगड आहे, संत्र्या-लिंबाचा थेंब पडला की पांढरा डाग खातो आणि तो घासून जात नाही. ग्रॅनाइट किंवा स्टील वापरा. एफएसएसएआयची (सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी दुकान उघडण्याआधी करून घ्या. आणि मोरी आधी काढा. दिवसाला वीस किलो बर्फ वितळला की वीस लिटर पाणी होतं, शिवाय भांडी धुतलेलं वेगळं. ते पाणी पाइपने जोत्यापासून लांब, बाहेरच्या नालीत सोडा. अंगणात सोडलंत तर त्याच भिंतीत परत चढेल.